मतमोजणी संपल्यानंतर

गणपतीत सगळी मंडळी जमली की आरतीनंतर खिरापत वाटून होईपर्यंत राजकारण निघतंच. आणि मग कुणीतरी मला विचारतं, "तू नक्की कोणाच्या बाजूचा?" काका जुने शाखेतले, आणीबाणीत आत जाऊन आलेले. आतेभाऊ हाडाचा शिवसैनिक (सध्या कुठल्या शिवसेनेचा, हे तो सांगत नाही). वहिनीच्या माहेरी तीन पिढ्या काँग्रेस. प्रत्येकाकडे एकेक झेंडा आहे, माझ्याकडे नाही. आणि ज्याच्याकडे झेंडा नाही त्याने कुठलातरी लपवून ठेवलाय अशी आपल्याकडे पक्की समजूत! त्या गोंगाटात धड उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

मी उदारमतवादी मतदार आहे. 'लिबरल' ही आता शिवी झालीये, पण आपल्या मराठी लोकांना त्याचं नवल वाटायला नको. शंभर वर्षांपूर्वी 'नेमस्त' हीसुद्धा शिवीच होती. १९०७ च्या सुरतेच्या काँग्रेसमध्ये नेमस्त आणि जहाल एवढे भिडले की व्यासपीठावर जोडा भिरकावला गेला आणि पक्ष फुटला. (मराठी माणसाचं पक्षफुटीसाठी सुरतेला जाणं तेव्हापासूनचं, २०२२ चं नव्हे!) रानडे, गोखले, आगरकर यांचे पुतळे आपण उभारले, रस्त्यांना नावं दिली, पण त्यांच्या मार्गाने मत मात्र फारसं कुणी दिलं नाही. असो.

माझी व्याख्या साधी आहे. निवडणूक कोण जिंकलं हे महत्त्वाचं आहेच. पण जिंकलेल्याला काय करता येणार नाही, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. मत देणं हा एका दिवसाचा कार्यक्रम. त्या मताचं पुढे पाच वर्षं काय होतं हा खरा प्रश्न, आणि महाराष्ट्राचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरतोय.

त्याआधी जरा चौकला जाऊन येऊ. चौक म्हणजे चार रस्त्यांचा चौक नाही. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनला जायचं, तिथून पाली, आणि मग जिथे रस्ता संपून खाडी लागते ते गाव चौक. होड्या, वाळत घातलेले बोंबील, क्रूस, आणि समोर पाण्यापलीकडे वसईचा किल्ला. टेकडीवर धारावीच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत (झोपडपट्टीची धारावी वेगळी, ही धारावी बेटाची) आणि आता चिमाजी अप्पांचं स्मारकही आहे. १७३७ ते १७३९ च्या धामधुमीत या धारावीचा ताबा एकापेक्षा जास्त वेळा फिरला. नकाशा पाहिला की कारण कळतं. वसईच्या खाडीचं तोंड इथून हातात राहतं. १७३९ मध्ये मराठ्यांनी ती घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

वसईची लढाई आपल्याला शाळेपासून पाठ असते. सुरुंग, तटावरचे हल्ले, हजारोंची प्राणहानी. पण ज्या कागदावर ती लढाई संपली तो सहसा कुणी आठवत नाही. शरणागतीच्या अटींत असं होतं की पोर्तुगीज शिबंदीने शस्त्रांसह, नगारे वाजवत मानाने बाहेर पडावं, आणि जे ख्रिस्ती मागे राहू इच्छितात त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करायची मोकळीक असावी. लक्षात घ्या, ज्या राजवटीने इथल्या हिंदूंना धर्मावरून छळलं होतं तिच्याशी झालेला हा करार आहे. वचपा काढायला कारण होतं, ताकद होती आणि अडवणारं कुणी नव्हतं. चिमाजी अप्पांना 'लिबरल' ठरवायचा माझा अजिबात विचार नाही. पावसाळा तोंडावर होता, किल्ला लवकर पदरात पडायला हवा होता, सेनापतीने व्यवहार पाहिला असेल. पण जिंकणाऱ्याने लिहून दिलं की मी एवढं करणार नाही, आणि आज पावणेतीनशेहून जास्त वर्षांनी उत्तनच्या, डोंगरीच्या देवळांत रविवारी घंटा वाजते. (आमच्याकडे चर्चलाही देऊळच म्हणतात.) मला त्या टेकडीवर उभं राहिल्यावर विजयाइतकाच त्या कागदाचा अभिमान वाटतो. काकांना हे सांगितलं की ते म्हणतात, "तुला प्रत्येक ठिकाणी अटीच दिसतात." बरोबर आहे त्यांचं!

आता आपल्या काळात येऊ. माझे वडील राष्ट्र सेवा दलातले, शाळामास्तर. १९७७ मध्ये आम्ही ठाण्याला राहायचो, मी नऊ वर्षांचा. जनता पक्षाने ठाण्यात रामभाऊ म्हाळगींना उभं केलं होतं. म्हाळगी जनसंघाचे, संघाचे, आणीबाणीत येरवड्याला होते. वडिलांना संघ मुळीच पसंत नव्हता, पण त्यांनी म्हाळगींना मत दिलं. कारण त्या निवडणुकीत प्रश्न एकच होता: बहुमत हातात आहे म्हणून सरकारला काहीही करता येतं का? आणीबाणी संसदेच्या मंजुरीनेच चालू होती हे आपण विसरतो. कायद्याने, बहुमताने, सगळं रीतसर. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. पाचपैकी एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले. बाकी देशात जनतेची लाट होती, महाराष्ट्रात मात्र ४८ पैकी काँग्रेसला २० आणि जनता पक्षाला १९ जागा मिळाल्या. म्हणजे आपल्याकडे राग होता, पण अर्धामुर्धाच.

म्हाळगींबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हा माणूस आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांना द्यायचा. त्यांचे विचार माझे नाहीत. पण मतदाराला हिशेब द्यायचा असतो हे ज्याला कळलं तो लोकप्रतिनिधी माझ्या यादीत वर असतो. त्यांच्या नावाची प्रबोधिनी आमच्या उत्तनलाच आहे. तिथे देशभरातले लोकप्रतिनिधी शिकायला येतात म्हणे. हिशेबाचा धडा त्यातल्या किती जणांनी घरी नेला ते त्यांच्या मतदारांना ठाऊक!

आणि आता १९७८. हे वर्ष आमच्या घरात कधीच संपलं नाही. फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली. २८८ पैकी जनता पक्ष ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या, निकाल लागल्यावर एक झाल्या आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. म्हणजे मतदाराची पहिली फसवणूक मार्चमध्येच झाली. जुलैमध्ये शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलैला जनता पक्षाच्या मदतीने पुलोदचे मुख्यमंत्री झाले, वय अवघं ३७. 'पाठीत खंजीर' हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या राजकारणात तेव्हा जो रुतला तो अजून निघालेला नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले गेले! वडील खूश, कारण समाजवादी मंत्रिमंडळात आले. काका खूश, कारण जनसंघातले आले. एसेम जोशींसारखा निर्मळ माणूस त्या जुळणीत होता, मग ते वाईट कसं असेल? माझ्या वैचारिक गोतावळ्याची हीच जुनी खोड. आमदार आपल्याकडे आले की 'मतपरिवर्तन', आपल्याकडून गेले की 'गद्दारी'. पुढे फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिराबाईंनी पुलोद सरकार बरखास्त केलं तेव्हा लोकशाहीची हत्या झाली असं वडील म्हणाले. पण १९७७ मध्ये जनता सरकारनेही सत्तेवर येताच नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारं घालवली होती, तेव्हा ते काही म्हणाले नव्हते. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा बरखास्तीला वेसण घातली, तोवर हा खेळ दोन्ही बाजूंनी मनसोक्त खेळून झाला होता.

पक्षांतराचा आजार किती जुना आहे हे सांगणारा दस्तऐवजही एका मराठी माणसाच्या नावाचा आहे. १९६७ नंतर 'आयाराम गयाराम'चं पेव फुटलं तेव्हा गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९६९ मध्ये आला. समितीने पाहिलेल्या २१० पक्षबदलू आमदारांपैकी ११६ जणांना नव्या सरकारात मंत्रिपदं मिळाली होती. निम्म्याहून जास्त! तत्त्वांसाठी पक्ष सोडणाऱ्यांना एवढी बक्षिसं मिळत नसतात.

कायदा यायला १९८५ उजाडलं. राजीव गांधींच्या सरकारने बावन्नावी घटनादुरुस्ती करून दहावं परिशिष्ट आणलं: पक्ष सोडला किंवा व्हिप मोडला तर सदस्यत्व जाणार. पण एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट', आणि ती माफ. किरकोळ विक्रीला बंदी आणि घाऊक व्यापाराला परवाना, अशा अर्थाची टीका मधु लिमयांनी केली होती, ती पुढे अक्षरशः खरी ठरली. १९९० मध्ये शिवसेनेचे ५२ आमदार निवडून आले. त्याची एक तृतीयांश म्हणजे १८. पुढच्याच वर्षी छगन भुजबळ बाहेर पडले तेव्हा महाराष्ट्राने पहिल्यांदा ही आकडेमोड वर्तमानपत्रात पहिल्या पानावर वाचली. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने एक तृतीयांशची पळवाट बुजवली आणि मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली. दोन तृतीयांश आमदारांच्या 'विलीनीकरणा'ची पळवाट तशीच राहिली. शेजारी गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले आणि २०२२ मध्ये ११ पैकी ८. गणित दोन्ही वेळा चोख! आणि हे एकाच पक्षाचं पाप नाही. २०१९ मध्येच राजस्थानात बसपचे सहाच्या सहा आमदार काँग्रेसने पोटात घातले.

खरं सांगायचं तर हा कायदा मला उदारमतवादी म्हणूनही पुरता पटत नाही. प्रत्येक विधेयकावर आमदाराने व्हिपप्रमाणे हात वर करायचा तर आमदार कशाला, हजेरीपट पाठवला तरी चालेल. सरकारच्या विश्वासदर्शक ठरावापुरताच व्हिप सक्तीचा ठेवावा, असं दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं. सदसद्विवेकाला जागा हवी. पण पक्ष बदलायचा असेल तर राजीनामा देऊन पुन्हा मतदाराकडे यावं, एवढी साधी अपेक्षा आहे.

२०१९ नंतरचं सगळ्यांना आठवतं, तरी तारखा लिहून ठेवतो, कारण पुढे जो तो आपल्या सोयीने आठवेल. भाजप आणि शिवसेना एकत्र लढले, १०५ आणि ५६ जागा मिळाल्या, आणि मुख्यमंत्रिपदावरून फाटलं. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली, मंत्रिमंडळाची बैठकही न घेता, आणि आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. दूध तापायच्या आत सरकार! ते चार दिवसही टिकलं नाही. २८ तारखेला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्यांच्याच पाठिंब्यावर. माझ्या ओळखीच्या बऱ्याच लिबरल मंडळींना तेव्हा गुदगुल्या झाल्या. मला १९७८ चे पेढे आठवले.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतला आणि तिथून गुवाहाटीला गेले. २९ जूनला ठाकऱ्यांनी राजीनामा दिला, ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण शिंद्यांना दिला. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी मान्यता देणं बेकायदा होतं, प्रतोद पक्षाने नेमायचा असतो, आमदारांच्या गटाने नव्हे. पण ठाकऱ्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत आणता येत नाही, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच 'वाजवी वेळेत' घ्यावा. म्हणजे चुकलं असं म्हणायचं, पण चुकीतून जे उभं राहिलं ते तसंच ठेवायचं. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी निकाल दिला: शिंद्यांची शिवसेना खरी, आणि अपात्र कुणीच नाही, ना या गटातले ना त्या. फेब्रुवारीत राष्ट्रवादीचंही तसंच झालं.

ज्या अध्यक्षाला सत्ताधारी पक्षच निवडतो त्याने सत्ताधारी आमदारांचा न्याय करायचा, ही रचनाच मला चुकीची वाटते. खुर्चीवर कोण बसलंय हा मुद्दा नाही. २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे काम निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालच्या कायम न्यायाधिकरणाकडे द्यायचा विचार संसदेने करावा असं सुचवलं होतं. सत्तेतल्या कुणाला ते नको असणार हे उघड आहे, आणि सत्तेबाहेरच्यांना उद्याची आशा असते.

यावर आतेभावाचं उत्तर तयार असतं. "अरे, नोव्हेंबर २०२४ ला लोकांनीच निकाल दिला ना? शिंदे ५७, ठाकरे २०. विषय संपला!" मुद्दा वरवर बिनतोड आहे. पण त्याच वर्षी जूनमध्ये लोकसभेला याच मतदारांनी महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा दिल्या होत्या, तेव्हा तो 'विषय संपला' म्हणाला नव्हता. आणि समजा जूनचा निकाल नसता, तरीही. २०२४ च्या मतदाराने पुढच्या पाच वर्षांचं सांगितलं. २०१९ ला दिलेल्या मताचं काय झालं याचा न्याय त्याने होत नाही. उद्या कुणी माझं घर बळकावलं आणि पाच वर्षांनी सोसायटीच्या सभेत निवडून आला, तर घर त्याचं होत नाही.

आमच्या मीरा-भाईंदरमध्ये हे सगळं छोट्या आकारात पाहायला मिळतं. हा विधानसभा मतदारसंघ २००९ मध्ये नव्याने झाला. २०१९ मध्ये इथून अपक्ष गीता जैन भाजपच्या नरेंद्र मेहतांना हरवून निवडून आल्या. आधी त्यांनी भाजपला पाठिंबा दिला, २०२० मध्ये शिवसेनेत प्रवेश केला, २०२२ मध्ये शिंद्यांबरोबर गेल्या, आणि २०२४ मध्ये पुन्हा अपक्ष उभ्या राहून मेहतांकडून हरल्या. एका मुदतीत एवढा प्रवास. त्यांना मत देणाऱ्याने आपलं मत कुठल्या स्टेशनवर उतरलं असं समजावं?

पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट आमच्या महापालिकेत झाली आणि तिच्याबद्दल गणपतीत कुणी एक शब्द काढत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये निवडणूक झाली, ९५ पैकी ६१ जागा भाजपला, बहुमत स्वच्छ. मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. घटना सांगते की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक व्हायला हवी. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीत हे मुद्दाम घातलं, कारण त्याआधी राज्य सरकारं नगरपालिका हव्या तेव्हा प्रशासकाच्या ताब्यात द्यायची. तरीही ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कोर्टकज्ज्यात राज्यातल्या बहुतेक महापालिका अडकल्या, आणि आमच्याकडे तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. पक्षांतरात निदान मत चोरीला जातं, इथे तर ते द्यायलाच मिळालं नाही. मोर्चा कुठल्याच पक्षाने काढला नाही. मंत्रालय ज्याच्या हातात, त्याला प्रशासक सोयीचा.

त्या तीन वर्षांत काय झालं पाहा. २०२५ मध्ये डोंगरीला मेट्रोच्या कारशेडसाठी बारा हजारांवर झाडं तोडायची प्रक्रिया सुरू झाली, हरकती मागवल्या गेल्या. कायद्याप्रमाणे अशा अर्जावर वृक्ष प्राधिकरण निर्णय घेतं, आणि त्यात आयुक्तांबरोबर नगरसेवक असावेत असं १९७५ चा कायदा म्हणतो. नगरसेवकच नाहीत, म्हणजे हरकत प्रशासनाकडे, सुनावणी प्रशासनाकडे, निर्णयही प्रशासनाकडे. झाडं तोडावीत की नाहीत यावर दोन मतं असू शकतात, मेट्रो मलाही हवीच आहे. पण ते दुसरं मत सभागृहात मांडायला कुणी नको?

चौकला माझ्या जुन्या ऑफिसातल्या मित्राचं घर आहे. त्याची आई ऐंशीच्या पुढची, अजून टोपली घेऊन बसते. मधल्या काळात एकदा कचऱ्याच्या गाडीवरून वैतागली होती. मला म्हणाली, "तू पेपर वाचतोस ना रे बाबा, मग सांग, आता आमचा नगरसेवक कोण?" मी म्हटलं, आजी, सध्या कुणीच नाही. तिला वाटलं मी थट्टा करतोय. "असं कसं? मी तर मत दिलंय." मग तिला मुदत, आरक्षण, कोर्ट असं सगळं सांगत बसलो. तिने मध्येच थांबवलं. "म्हणजे आमी ओरडायचं कोणावर?"

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, आणि अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. पुढे मित्राकडे गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडरच्या पानावर निवडून आलेल्या नगरसेवकांचे फोन नंबर पेनाने लिहिलेले होते. एका प्रभागात एकाहून जास्त नगरसेवक, त्यामुळे नंबरही एकाहून जास्त. आजी म्हणाल्या, एकाने दुसऱ्याला फोन करायला सांगितलंय.